सासऱ्यांना हवा होता स्टेक

आमच्या कोपऱ्यावर जिथे अर्तेमियोची खाणावळ होती, तिथे आता कुत्र्यांचे केस कापतात.

हे वाक्य मी शांतपणे लिहिलं आहे याची कृपया नोंद घ्यावी. ती पाटी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी शांत नव्हतो. ज्या खिडकीत बरगड्यांच्या पट्ट्या निखाऱ्यांवर चुरचुरत असायच्या, त्याच खिडकीत एक पांढरं कुत्रं डोक्याला फीत बांधून बसलं होतं आणि एक मुलगी यंत्राने त्याचे केस वाळवत होती. कुत्र्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू मी उधारी मागायला आलोय. कुत्र्यांशी माझं वैर नाही. पण ज्या ब्युनोस आयर्समध्ये मास्तरच्या पगारात एक धड स्टेक मिळत नाही, त्याच शहरात कुत्र्याला लव्हेंडरचा शाम्पू मिळतो, हे पाहून ज्याच्या तळपायाची आग मस्तकात जात नाही त्याला तळपाय नसावा किंवा मस्तक तरी.

एरवी मी दोन शिव्या हासडून पुढे गेलो असतो. पण त्या दिवशी माझ्या शेजारी सासरे उभे होते, आणि आम्ही दोघं तिथे जेवायलाच आलो होतो.

माझे सासरे दॉन सेफेरिनो क्वाल्या यांनी जन्मभर शहरात बस चालवली. ज्याने कधी गर्दीत बस वळवली नाही तो पुरुष अर्धाच, असं त्यांचं मत. मी शाळेत भूगोल शिकवतो. ते मला नावाने हाक मारत नाहीत, ‘मास्तर’ म्हणतात, आणि तो शब्द असा उच्चारतात की ऐकणाऱ्याला वाटावं, भिंतीवर झुरळ दिसलं असणार.

त्यांच्या हृदयाची एक झडप बिघडली होती. ऑपरेशनची तारीख ठरली होती. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, की ऑपरेशननंतर लाल मांस बंद, मीठ बंद. दॉन सेफेरिनोंनी सगळं नीट ऐकून घेतलं होतं, घरी येऊन टोपी काढली होती आणि जाहीर केलं होतं, “एकदा नीट स्टेक खाईन, मगच त्या टेबलावर झोपेन. नाहीतर मला तिथे कुणी नेऊ नका.”

आता तेच वाक्य त्यांनी कुत्र्यासमोर पुन्हा म्हटलं, आणि वर अटी घातल्या. टेबलावर कागद अंथरलेला हवा. वाइन पेंग्विनच्या आकाराच्या सुरईतून यायला हवी. वेटर म्हातारा आणि तुसडा हवा. “आणि महाग नको. बुटांच्या जोडाच्या भावाचा स्टेक माझ्या घशाखाली उतरणार नाही. बिल बघून तिथेच मरेन, मग ऑपरेशन कुणाचं करतील? तुझं?”

“मी शोधतो,” मी म्हणालो.

“तू?” ते म्हणाले. एवढंच. पण त्या एका अक्षरावर मी पुढचे कित्येक दिवस धगधगत होतो.

घरी आल्यावर माझी बायको इर्मा म्हणाली, “ते खरंच ऑपरेशनला जाणार नाहीत हं, एव्हारिस्तो. आई गेली तेव्हा म्हणाले होते की या घरात पुन्हा भात शिजणार नाही. शिजला का? बारा वर्षं झाली.”

कुणी म्हणेल, एवढं रामायण कशाला, घरीच का नाही भाजला? मी फ्लॅटमध्ये राहतो. शेगडीला अंगण लागतं. मागच्या उन्हाळ्यात मी बाल्कनीत एक चिमुकली शेगडी पेटवली होती. तिचा धूर पाचव्या मजल्यावरच्या चोलाबाईंच्या नुकत्याच वाळत घातलेल्या चादरींत शिरला. तेव्हापासून इमारतीच्या प्रत्येक सभेत ‘धूर’ हा विषय असतो आणि त्या विषयाला माझं आडनाव जोडलेलं असतं. तव्यावर भाजायचं म्हणाल, तर दॉन सेफेरिनोंना तव्यावरचा स्टेक देणं म्हणजे बिशपला सायकलवरून मिरवणुकीत नेणं.

त्याच आठवड्यात इमारतीची सभा होती. विषय लिफ्ट. ती बरेच महिने चौथ्या मजल्यावर रुसून बसली होती. मी जरा उशिरा पोहोचलो, आणि तोवर इर्माने बायकांना सगळं सांगून टाकलं होतं. मी आत पाऊल टाकलं आणि लिफ्ट कुणाच्याच डोक्यात उरली नाही.

“पालेर्मो भागात जा,” पहिल्या मजल्यावरचे दंतवैद्य ब्रिझुएला म्हणाले. “छोटीशीच जागा आहे. मांस इतकं मऊ, की चावावं लागतच नाही.”

“दातांचा डॉक्टर आणि चावू नका म्हणतो,” चोलाबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात कुजबुजल्या. “याचा धंदा चालतो कसा?” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “आमचे आउरेलियो मला आवेय्यानेदाला न्यायचे. काय तो स्टेक! ताटाच्या बाहेर लोंबायचा.”

“ती खाणावळ अजून आहे?” मी आशेने विचारलं.

“आउरेलियोच राहिले नाहीत, खाणावळ कुठून राहील?”

दुसऱ्या मजल्यावर नव्याने आलेल्या एका मुलीने सुचवलं, की हल्ली मशरूमचाही स्टेक छान करतात. सभेत जी शांतता पसरली, ती लिफ्टमध्ये माणूस अडकला होता त्या दिवशीही पसरली नव्हती.

इमारतीची देखभाल करणारा ओस्मार दाराला टेकून उभा होता. तो म्हणाला, “टॅक्सीवाले जेवतात तिथे जावं, प्रोफेसर. साधी गोष्ट आहे. भूगोल शिकवता आणि खाणावळ सापडत नाही?”

सगळे हसले. लिफ्टचा ठराव राहून गेला. चार मजले जिने चढत मी घरी गेलो, आणि प्रत्येक पायरीवर मला ते हसू ऐकू येत होतं.

आधी दंतवैद्यांची जागा. सासऱ्यांना एकदम नेण्याइतका मी मूर्ख नाही. आधी मी आणि इर्मा चाखून येणार होतो. पालेर्मोतली ती जागा छोटी होती यात शंका नाही. माझे गुडघे शेजारच्या टेबलावरच्या बाईच्या पर्समध्ये जात होते. मेनू नव्हता, भिंतीवर एक काळा-पांढरा चौकोन होता, त्याच्यापुढे फोन धरायचा. माझ्या फोनने तो वाचायला नकार दिला. मग कातडी एप्रन घातलेला एक तरुण आला आणि आमच्या टेबलाशी गुडघ्यावर बसला. मला वाटलं याला चक्कर आली.

“आजची गाय दक्षिणेच्या कुरणांतली आहे,” तो हळुवारपणे म्हणाला. “तिला आयुष्यात कसलाही ताण नव्हता.”

“मला आहे,” मी म्हणालो. “स्टेक आणा.”

स्टेक लाकडी फळीवर आला. फळी मोठी होती. तिच्या एका टोकाला स्टेक, दुसऱ्या टोकाला एक पान, आणि मधे जो मोकळा प्रदेश होता तो मी वर्गात ‘विरळ लोकवस्तीचा’ म्हणून शिकवतो. “हा नमुना आहे का?” मी विचारलं. इर्माने टेबलाखालून लाथ मारली, ती शेजारच्या बाईला लागली.

आणि मग बिल. बसण्याचे आणि काट्या-सुरीचे पैसे आमच्याकडे सगळेच लावतात. मी जन्मभर त्यावर दातओठ खात आलो आहे. पण इथे काटा-सुरीचे जे पैसे लावले होते, त्यात मला वाटतं अर्तेमियोने शेगडीसकट खाणावळ विकली असती.

“ठीक आहे,” मी उठून म्हणालो. “पैसे दिले. आता काटा माझा.” आणि तो मी कोटाच्या खिशात ठेवला.

“एव्हारिस्तो, ठेव तो खाली,” इर्मा दातांतल्या दातांत म्हणाली.

“का? विकत घेतलाय!”

मॅनेजरने दारात, सगळ्यांसमोर, दोन बोटांनी माझ्या खिशातून काटा काढून घेतला. शेजारच्या टेबलावरच्या बाईने टाळी वाजवली. घरी जाताना बसमध्ये इर्मा माझ्यापासून दोन सीट दूर बसली होती. दुसऱ्या दिवशी जिन्यात दंतवैद्य भेटले. “मऊ होता की नाही?” त्यांनी विचारलं. मी त्यांना सांगितलं की तो खाली कुठे पडला असता तर सापडलाही नसता.

मग ओस्मारची टॅक्सीवाल्यांची युक्ती. पहिल्या टॅक्सीवाल्याला मी विचारलं, तुम्ही कुठे जेवता? तो म्हणाला, “घरी.” दुसरा म्हणाला, “तुम्हाला काय करायचंय?” तिसरा अवाढव्य अंगाचा होता, त्याच्या मिशीत पावाचा चुरा होता. तो म्हणाला, “बसा.” मिशी पाहून मी विश्वासाने बसलो.

त्याने मला अख्ख्या शहरातून नेलं. वाटेत फुटबॉल, सरकार आणि स्वतःची मेहुणी या तिघांची त्याने सालटी काढली. शेवटी रेल्वे यार्डाच्या भिंतीशी एक पत्र्याची शेड आली. बाहेर टॅक्सींची रांग. माझं काळीज सुपाएवढं झालं. ओस्मार बरोबर होता! मी आत शिरलो, आणि पाहतो तर प्रत्येक टॅक्सीवाल्यापुढे न्योक्कींचं, बटाट्याच्या उकडलेल्या गोळ्यांचं ताट.

“स्टेक,” मी वेटरला म्हणालो.

वेटरने माझ्याकडे दयेने पाहिलं. “आज तारीख काय, साहेब?”

“एकोणतीस.”

“मग?”

सगळी शेड हसली. या शहरात मी जन्मलो, वाढलो. माझी आई दर महिन्याच्या एकोणतीस तारखेला न्योक्की करायची, तिची आईही करायची, शाळेच्या कँटीनमध्येही करतात. आणि मी, स्टेकच्या नादात, तेच विसरलो! मला घेऊन आलेला तो अवाढव्य माणूस समोर बसला. त्याने दोघांसाठी न्योक्की मागवल्या. मग शुभशकुन म्हणून ताटाखाली नोट ठेवायची वेळ आली तेव्हा म्हणाला, “माझ्याकडे सुटे नाहीत, तुम्ही ठेवता का माझ्याही ताटाखाली?” मी ठेवली. जेवण झाल्यावर त्याने ती काढून सावकाश स्वतःच्या खिशात घातली.

“अहो!” मी ओरडलो.

“शकुन दुसऱ्याला परत करत नसतात,” तो म्हणाला.

बाहेर आलो तेव्हा टॅक्सीचं मीटर चालूच होतं. आम्ही जेवत असताना ते सबंध वेळ चालू होतं. त्याच्याशी मी काय भांडलो ते इथे देत नाही. हे माझे विद्यार्थीही वाचतील.

मी घरी येऊन ओस्मारला जिन्याखाली गाठलं आणि माझा सगळा संताप त्याच्यावर ओतला. तो झाडूवर हनुवटी टेकून ऐकत राहिला. मग म्हणाला, “मग मातादेरोसला माझ्या साडूच्या बहिणीकडे का नाही जात? रामोना. तिच्यासारखा स्टेक शहरात नाही.”

“हे आधी का सांगितलं नाहीस?”

“तुम्ही लोकांना सांगत सुटाल. मग मला बसायला जागा मिळायची नाही.”

त्याचा गळा दाबण्याची माझी फार इच्छा होती. पण पत्ता अजून घ्यायचा होता.

मातादेरोस म्हणजे गुरांच्या बाजाराचा भाग. रामोनाच्या दारावर पाटी नव्हती. बाहेर रांग होती आणि आत धूर. शेगडीशी स्वतः रामोनाबाई, तिथले लोक म्हणतात तशी ‘दोन्या रामोना’, उभी होती. मनगटं माझ्या पोटरीएवढी, एका हातात चिमटा, दुसरा हात मिठाच्या डब्यात.

“काय?” तिने विचारलं.

“स्टेक.”

“ते कळलं. कसा?”

“आत थोडासा लालसर.”

“थोडासा म्हणजे? लाल असतो, नाहीतर चप्पल असते. बोला.”

“लाल,” मी म्हणालो.

म्हातारा वेटर आला. त्याने टेबलावर कागद पसरला, आणि पाव ठेवला नाही, फेकला. वाइन मागितली तर म्हणाला, “आणतो, मला काय चार हात आहेत?” आणि वाइन आली ती पेंग्विनच्या चोचीतून. मला भरून आलं. मग स्टेक आला. कडेला सोनेरी चरबीची पट्टी, वर भरड मिठाचे खडे, सुरी टेकवली तेवढ्यात रस सुटला आणि कागदावर पसरला. पहिला घास घेतला आणि गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदाच मला कुणाचाच राग आला नाही. दंतवैद्याचा नाही, टॅक्सीवाल्याचा नाही, त्या कुत्र्याचाही नाही. बिल आलं तेव्हा मी वेटरला विचारलं, “यात वाइन धरली आहे ना?”

“कमी वाटतंय का? वाढवू?” तो गुरकावला.

मी शेगडीशी गेलो. “दोन्या रामोना, रविवारी सासऱ्यांना घेऊन येतोय. तिघांसाठी टेबल राखून ठेवा.”

“जागा स्मशानात राखतात. इथे उभं राहावं लागतं.”

“त्यांचं मंगळवारी हृदयाचं ऑपरेशन आहे.”

तिने निखारे उकरणं थांबवलं, क्षणभर माझ्याकडे पाहिलं. “मग लवकर या,” ती म्हणाली.

रविवारी दॉन सेफेरिनो लग्नातला कोट घालून निघाले. बटणं लागत नव्हती, पण कोट तोच. बसमध्ये त्यांनी ड्रायव्हरच्या मागची सीट धरली आणि मातादेरोसपर्यंत त्याच्या प्रत्येक ब्रेकवर टीका केली. रामोनाच्या दारात पोहोचलो तर रांगेत आमच्यापुढे थोडीच माणसं होती. आतून वास येत होता. दॉन सेफेरिनोंनी नाक वर करून तो ओढून घेतला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की इर्माने माझा हात दाबला.

आणि तेवढ्यात नगरपालिकेचा इन्स्पेक्टर आला. बगलेत फाइल, बरोबर एक पोलीस. रविवारी! ज्या नगरपालिकेने आमच्या रस्त्यावरचा खड्डा माझी मुलगी शाळेत होती तेव्हापासून जपून ठेवला आहे, तिला काम करायला हाच रविवार सापडला.

“धुराडं नियमापेक्षा कमी उंच आहे,” तो म्हणाला. “तक्रार आली आहे. जागा बंद.”

“हे धुराडं तुमच्या नियमाच्या आधी जन्मलंय,” रामोना चिमटा उगारून म्हणाली.

“सगळ्यांनी बाहेर व्हा.” जेवणारे हातात पाव घेऊन बाहेर आले. त्याने दाराच्या फटीवर पांढरी चिकटपट्टी लावली, तिच्यावर शिक्का मारला. आत निखारे तसेच लाल होते. खिडकीतून दिसत होते.

दॉन सेफेरिनो पायरीवर बसले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. “चल, इर्मा,” ते म्हणाले. “घरी चल. आणि मंगळवारचं रद्द करून टाक. मला जायचं नाही.”

“बाबा, असं काय करता...”

“नाही म्हटलं ना.” ते ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

तेव्हा माझ्यात काहीतरी तुटलं. एरवी मी नद्यांची नावं विचारतानाच काय तो आवाज चढवतो. पण मी पायरी चढून त्या इन्स्पेक्टरसमोर उभा राहिलो आणि बोलत सुटलो. मी म्हणालो, अर्तेमियोचं दुकान कुत्र्यांनी नेलं तेव्हा तुमचा नियम कुठे होता? पालेर्मोत काट्याला भाडं लावतात तेव्हा तुमचा शिक्का कुठे असतो? शहरात एक बाई उरली आहे जिचा स्टेक मास्तरला परवडतो, आणि तुम्ही धुराडं मोजताय? या माणसाने जन्मभर तुम्हाला, तुमच्या आईला, तुमच्या मावशीला बसमधून फिरवलं, आणि त्याला एक स्टेक मिळत नाही? हे देशाचं दुर्दैव म्हणायचं की तुमची नालायकी? असं म्हणत मी हात असा मागे फेकला.

चर्र झालं. चिकटपट्टी माझ्या बाहीला चिकटून सगळीच्या सगळी निघून आली. शिक्का माझ्या कोपरावर होता.

रांगेने टाळ्यांचा कडकडाट केला. कुणीतरी “शाब्बास!” ओरडलं. पोलीस पुढे आला. “सरकारी सील मुद्दाम फाडलंत का?”

नाही म्हणणं अगदी सोपं होतं. तोंडात ‘नाही’ तयारही होतं. पण मी खाली पाहिलं, तर दॉन सेफेरिनो पायरीवरून माझ्याकडे पाहत होते. त्यांनी माझ्याकडे असं आजवर पाहिलं नव्हतं.

“हो,” मी म्हणालो. “मुद्दाम.”

“एव्हारिस्तो!” इर्मा किंचाळली.

पोलिसांच्या गाडीत बसताना माझं डोकं दाराला आपटलं, आणि वीरपणा तिथेच उतरला. चौकीत एका हवालदाराने दोन बोटांनी टाइप करत माझा जबाब घेतला.

“धंदा?”

“भूगोलाचा शिक्षक.”

“कृत्याचं कारण?”

“स्टेक.”

तो थांबला. “तसा पर्याय नाही. मद्य, मालमत्ता, कौटुंबिक. यातलं एक सांगा.”

“कौटुंबिक.”

“सासू?”

“सासरे.”

“अच्छा,” तो सहानुभूतीने म्हणाला आणि टाइप करत राहिला. आणि तेव्हाच मागच्या अंगणातून वास आला. ओळखीचा वास. रविवार होता, पोलिसांनी मागे शेगडी पेटवली होती. थोड्या वेळाने फौजदार ओठ पुसत बाहेर आला, माझा कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा ओठ पुसले. शहरभर जिथे तिथे मांस भाजलं जात होतं आणि लोक ते खात होते. फक्त ज्याने त्यासाठी सरकारी सील तोडलं, तो रिकाम्या पोटी बाकावर बसला होता. कुणी एक घास विचारला नाही. वर बजावलं, की दंडाचा कागद घरी येईल, आणि पुन्हा असं करू नका.

मी पायी रामोनाच्या रस्त्यावर परतलो तेव्हा दार बंद होतं. त्यावर नवीन पट्टी, नवीन शिक्का. रस्त्यावर कुणी नाही. मला वाटलं, संपलं सगळं. मग समोरून हसण्याचा आवाज आला.

समोर मोटारी दुरुस्त करायचं गॅरेज होतं. त्याचं शटर वर होतं. आत एका उघड्या बॉनेटच्या गाडीशेजारी लोखंडी पिंप आडवं कापून केलेली शेगडी धगधगत होती. रामोनाच्या मागच्या दाराने लोकांनी निखारे पत्र्याच्या घमेल्यांतून आणि मांस पातेल्यांतून इकडे आणलं होतं. रांगेतली सगळी माणसं टायरांवर, खोक्यांवर बसून जेवत होती. रामोना मीठ टाकत होती. इर्मा पाव कापत होती. आणि गॅरेजातल्या एकमेव खुर्चीवर, कोट काढून, बाह्या सरसावून, दॉन सेफेरिनो बसले होते. त्यांच्या शेजारी, तोंडात घास, हातात पेला घेऊन, तो इन्स्पेक्टर.

माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. “हा इथे काय करतोय?”

“जेवतोय,” रामोना म्हणाली. “ड्यूटी संपली त्याची.”

“मी दाराला सील लावलं,” इन्स्पेक्टर भरल्या तोंडाने, शांतपणे म्हणाला. “गॅरेजबद्दल तक्रार नाही.”

“मग मला पकडून का दिलंत?”

“सील तुम्ही फाडलंत ना. मुद्दाम. स्वतःच म्हणालात.”

“बस खाली, मास्तर,” दॉन सेफेरिनो म्हणाले. “याचे वडील माझ्याच मार्गावर बस चालवायचे. गिअर टाकायची अक्कल नव्हती, पण माणूस चांगला होता.” त्यांच्यापुढे दोन ताटं होती. एकात नुसतं हाड. दुसरं एका उपड्या ताटाखाली झाकलेलं. त्यांनी वरचं ताट उचललं. खाली स्टेकचा एक जाड तुकडा होता, कडेच्या चरबीसकट.

“तुझा,” ते म्हणाले. “गॅरेजवाल्याने दोनदा हात घातला. काटा दाखवला त्याला.”

मी टायरवर बसलो. तुकडा पार थंड झाला होता. चरबी गोठली होती. मी तो खाल्ला, सगळा, आणि शेवटी बोटांनी ताट पुसलं. दॉन सेफेरिनो बघत होते.

“पोलिसांच्या गाडीत चढलास ना,” ते जरा वेळाने म्हणाले, “तेव्हा मला वाटलं, पोरीने नवरा अगदीच काही वाईट केला नाही.” मग वाइनचा घोट घेतला. “चढताना डोकं मात्र आपटायला नको होतं. बस असती तर समजलं असतं.”

मंगळवारी ते टेबलावर झोपले, एकही अट न घालता. इर्मा आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. ती माझ्या बाहीवरचा उरलेला डिंक नखाने खरवडत होती, खरवडतच राहिली. शेवटी डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी मान हलवली, चांगल्या अर्थाने.

दोन दिवसांनी त्यांना खोलीत आणलं, तेव्हा ते कागदासारखे पांढरे होते. आवाज जेमतेम फुटत होता. नर्सने ट्रे समोर ठेवला. वाटीत उकडलेला, घोटलेला भोपळा.

“हे काय आहे?” दॉन सेफेरिनोंनी विचारलं.

“भोपळा, आजोबा.”

“मीठ?”

“मीठ नाही.”

“कुणी ठरवलं?”

“डॉक्टरांनी. गप्प खा बघू.”

त्यांनी एक चमचा तोंडात घेतला. डोळे मिटले. मला वाटलं, रडतात की काय. मग ते डोळे उघडले, आणि त्यात तोच ओळखीचा संताप होता. मंगळवारपासून दिसला नव्हता, म्हणून इर्मा आणि मी दोन्ही रात्री झोपेविना पडून होतो.

“मास्तर,” ते माझ्याकडे वळून म्हणाले, “बघ जरा हे.”

इर्मा माझा कोट पकडायला गेली, पण उशीर झाला होता. मी उठलो, वाटी हातात घेतली आणि विचारलं, “इथे जबाबदार कोण आहे?” डॉक्टर आले तर त्यांनाही विचारलं. हृदयाची काळजी घ्यायची म्हणजे जिभेला फाशी द्यायची का, हेही विचारलं. नर्सने माझा दंड धरून मला बाहेर काढलं. दार लावून घेताना मी मागे पाहिलं. दॉन सेफेरिनो उशीवरून मान वर करून, त्या क्षीण आवाजात, जमेल तेवढं ओरडत होते, “त्याला बाहेर काढू नका! तो बरोबर बोलतोय!”